मदत हवी आहे: वाड्यासाठी चुन्याचं काम करणारा गवंडी
नमस्कार मंडळी, सदाशिव पेठेतला आमचा जुना वाडा विकायचा नाही असं घरात ठरलंय, तो मूळ होता तसा करायचाय. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि ओल आतच कोंडली, आता देवळीपाशी (भिंतीतल्या कोनाड्यापाशी) हात लावला की पोपडा निघतो आणि विटेचा भुगा हातात येतो, बघवत नाही खरंच. सुरूदार (सुरूच्या झाडासारख्या आकाराच्या, नक्षीच्या) खांबावरचा ऑइलपेंट जरा खरवडला तर खाली सागवान अजून ठणठणीत! १८७९ च्या आगीत होरपळलेला विश्रामबागवाडा परत उभा राहिलाच ना. तर घाण्यात (चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाण्यात) मळलेल्या चुन्यात गूळ-हिरडा घालून काम करणारा गवंडी पुण्यात कोणाला माहितेय का? आणि नक्षी न दुखावता पेंट कसा काढायचा? प्लास्टर पावसाळ्याआधी काढू की नंतर, तेही सांगा प्लीज.