बाबांच्या पश्चात कागदांचा गठ्ठा, आणि माझंही तेच चाललंय. सुरुवात कुठून करू?

बाबा गेले तेव्हा त्यांची खाती कुठे आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. कपाटातल्या कापडी पिशवीत पासबुकं, विम्याच्या पावत्या. एका ठेवीची तर मुदत संपून दोन वर्षं झालेली. आता माझी तीन खाती, दोन क्रेडिट कार्डं, आणि पगार कुठे जातो ते कळत नाही. मुलीवर ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. आधी काय हातात घेऊ?

उत्तर १
ताई, कार्डावर बाकी असेल तर आधी ती फेडा. महिन्याला ३ टक्के व्याज किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर मुद्दल जेमतेम हलतं.

उत्तर २
मी तीन महिन्यांची स्टेटमेंटं छापली आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलने खूण केली: गरजेचं, टाळता येणारं, आठवतच नाही. तिसऱ्या खुणेने डोळे उघडले. मग एक वही केली. पानागणिक एक खातं: कुठे आहे, नॉमिनी कोण, कागद कोणत्या फाइलीत. पासवर्ड मात्र त्यात लिहू नका. आणि वही कुठे ठेवलीय ते मुलीला सांगा, हे राहूनच जातं.

ताई
आत्ताच नॉमिनी तपासले. दोन खात्यांवर अजून बाबांचंच नाव आहे. उद्या सकाळी आधी तेच बदलते.