गाडी गेली, हप्ते राहिले : तुमचे अनुभव लिहा

परवा ऑफिसातल्या एका मुलाची बाईक चोरीला गेली. पोलीस स्टेशनातून आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "आता हप्ता भरायचा का?" सगळे गप्प. मला उत्तर माहीत होतं, कारण असे २१ हप्ते मी भरले आहेत. म्हणून हा धागा. गाडी चोरीला गेली असेल, पुरात बुडाली असेल, फायनान्सवाल्यांनी ओढून नेली असेल किंवा कुणाला देऊन टाकली असेल आणि कर्ज मात्र मागे राहिलं असेल, तर आकड्यांसकट लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरुवात करतो. २०१९ च्या दिवाळी पाडव्याला बाईक घेतली. एक लाख कर्ज, ३६ हप्ते, महिना ३,४२०. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोसायटीच्या गेटबाहेरून गेली. एफआयआर केला आणि निवांत होतो, कारण विम्याच्या कागदावर २०२४ पर्यंतची तारीख होती. विमा कार्यालयातल्या बाईंनी कागद माझ्याकडे वळवून पेनाने दोन ओळी दाखवल्या. पाच वर्षांचा होता तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला तो सक्तीचा आहे. चोरी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान ज्यात येतं तो भाग एकच वर्षाचा होता, ऑक्टोबर २०२० मध्ये संपलेला. एक रुपया मिळाला नाही. पुढचे २१ हप्ते, म्हणजे ७१,८२० रुपये, बसने ऑफिसला जात भरले. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला तशीच होती. आईने दोनदा विचारलं, काढू का? मी नको म्हटलं.

वाशिष्ठीकाठ

दादा, आमची चिपळूणची गोष्ट. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी अंगणात आलं, उजाडेपर्यंत गाडीच्या टपावरून वाहत होतं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून नुसती अँटेना दिसायची, थोड्या वेळाने तीही दिसेना. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर चिखल, आणि डॅशबोर्डच्या खणात पियूसी, आरसी, मुलीचा कंगवा, सगळ्याचा एकच लगदा.

एक गोष्ट बरी केली. मेकॅनिकने फोनवर बजावलं होतं, किल्ली फिरवू नका. बुडालेली गाडी सुरू करायला गेलं की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन बसतं, आणि ते नुकसान तुम्ही स्वतः केलं म्हणून विमावाले हात वर करतात. शेजारच्यांचं तसंच झालं. आमची टोटल लॉसमध्ये गेली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पाऊणपटीवर गेला की तसं धरतात.

आयडीव्ही ही काय भानगड आहे ते तेव्हा कळलं. आमच्या गाडीची शोरूम किंमत ८ लाख २० हजार. दोन वर्षं उलटली की विम्यात तीस टक्के घसारा. म्हणजे ५ लाख ७४ हजार, त्यातून हजार कापून ५ लाख ७३ हजार, तेही थेट फायनान्सच्या खात्यात. कर्ज मात्र शोरूम किमतीवर नव्हतं. रस्ता कर, विमा, ॲक्सेसरीज सगळं धरून साडेआठ लाख काढलेलं. त्यात २०२० मध्ये सहा महिने मोरेटोरियम घेतलं होतं. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. ऑक्टोबरात क्लेम मंजूर झाला तेव्हा बाकी ६ लाख ८४ हजार. फरक १ लाख ११ हजार. क्लेम होईपर्यंतचे दोन हप्तेही भरलेच होते, घरात फरशीवर गाळ असताना.

सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या. अजून सोडवल्या नाहीत त्या, आणि हे लिहिताना गळा दाटतो.

नवीन गाडी घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे जादा कव्हर विचारा, त्यात गाडी पूर्ण गेली तर घसारा न कापता बिलाची किंमत धरतात. पहिली काही वर्षंच मिळतं. कर्ज सगळ्यात जास्त असतं तेही त्याच वर्षांत.

माणदेशी

माझं थोडक्यात. हप्ते जड झाले म्हणून गाडी ओळखीच्या माणसाला दिली. शंभरच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी, 'पुढील सर्व हप्ते लिहून घेणार भरेल'. फायनान्सला कळवलं नाही, आरटीओत नाव बदललं नाही. कर्ज असताना फायनान्सच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) ते होतही नाही. त्याने सात हप्ते भरले. मग फोन बंद, गाडी गायब, वसुलीवाले माझ्या दारात. चोरीची तक्रार द्यायला गेलो तर ठाण्यातले म्हणाले, किल्ली तुम्हीच दिलीत ना?

सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडलं ते सोडाच. दीड वर्षाने अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या गाडीने एका माणसाला उडवलं होतं आणि विमा संपलेला. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकाल दाखवला. आरसीवर नाव ज्याचं, भरपाईची जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. केस चालू आहे. समोरच्या बाकावर त्या माणसाची बायको बसते. तिच्याशी काय बोलावं हे मला अजून कळलेलं नाही.

दत्तकृपा, नाशिक

मिस्टरांची टुरिस्ट गाडी होती. लॉकडाऊनमध्ये धंदा बसला, मोरेटोरियम संपलं आणि चार हप्ते थकले. एका संध्याकाळी सवारी सोडून येताना नाक्यावर चौघांनी अडवलं. अंगाला हात लावला नाही, पण किल्ली काढून घेतली आणि रिक्षाचे पैसे देतो म्हणाले. हे चालत आले. जेवणाचा डबा गाडीतच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मी यार्डात जाऊन डबा आणि आरशाला लावलेला दत्ताचा फोटो मागून आणला.

आम्हाला वाटलं, गाडी नेली, विषय संपला. पाच महिन्यांनी पत्र आलं. बाकी ३,७०,०००, ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च २६,०००, लिलावात आले २,१०,०००. उरलेले १,८६,००० सात दिवसांत भरा. लिलाव कधी झाला हेच आम्हाला माहीत नव्हतं! जामीन माझा दीर. त्यालाही तेच पत्र. सहा महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

फोन रात्री दहालाही यायचे. ऑगस्ट २०२२ नंतर रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक माझ्या हाती लागलं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. मी कॉल लॉगचे फोटो जोडून तक्रार केली, रात्रीचे फोन थांबले. मग लेखी मागितलं : लिलावाची नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवली, बोली किती आल्या, यार्डाचं भाडं कोणत्या दराने लावलं. नोटीस आमच्या जुन्या भाड्याच्या घरी गेली होती. उत्तर अर्धवट आलं, पण सूर बदलला. लोकअदालतीत ९५,००० वर मिटलं, चार हप्त्यांत. दिराला मी स्वतः पावत्या नेऊन दाखवल्या.

एक विचारायचं होतं. सिबिलमध्ये 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' आलंय आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला ते आडवं येतंय. काय करता येईल?

भोसरी एमआयडीसी

ताई, मी नऊ वर्षं वाहन कर्जाच्या वसुलीत काम केलंय. 'सेटल्ड' म्हणजे कमी घेऊन मिटवलं. उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवून कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या रक्कम भरल्यावर 'क्लोज्ड' करून देतात. पण आधी तसं पत्र घ्या, मग पैसे.

आणि ज्यांची गाडी अजून यार्डात आहे त्यांनी रोज फोन करा. लिलावाआधी स्वतः गिऱ्हाईक आणून दाखवता येतं. बाजारात तीन लाखांना जाणारी गाडी लिलावात दोनला गेलेली मी किती वेळा पाहिली आहे. तेव्हा ते कुणाला सांगायची मुभा नव्हती.

धागाकर्ता

ताई, मुलीच्या कर्जाचं काय झालं ते नक्की लिहा.

माझ्याकडचं एक राहिलं. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२२ ला गेला. एनओसी आणि फॉर्म ३५ टपालाने आले. तो फॉर्म आरटीओत दिला की आरसीवरून फायनान्सचं नाव निघतं. गाडीच नाही तर कशाला, असं वाटलं होतं. पण गाडी कधी सापडली तर कोर्टातून सोडवताना हेच कागद लागतील असं हवालदारांनी सांगितलं, म्हणून देऊन आलो. आता आरसीवर फक्त माझं नाव आहे. किल्ली अजून खिळ्यालाच आहे.