मदत हवी आहे : मूळ डच ‘पेनोझा’ सबटायटलसह कुठे मिळेल?

सुश्मिता सेनची ‘आर्या’ ज्या डच मालिकेवर बेतली आहे, ती ‘पेनोझा’ मला बघायची आहे. २०१० ते २०१७, एकूण पाच सीझन. नवऱ्याचा खून होतो, आणि मुलांना वाचवायला बाई त्याच्याच गुन्हेगारी धंद्यात उतरते. आमच्या फोंड्यातल्या गटात दोन्ही मालिकांमधली आई शेजारी शेजारी ठेवून बोलायचं ठरलंय, म्हणून मूळच हवी. ‘रेड विडो’ हा २०१३ चा अमेरिकन अवतार नको, तो आठ भागांतच संपला.

घरच्या सगळ्या ओटीटी अ‍ॅपवर शोधलं. यूट्यूबवर तुकडे आहेत, पण डचमध्ये, खाली अक्षर नाही. पणजी, मडगावच्या दुकानांत आता डीव्हीडीच मिळत नाहीत. नेदरलँड्सची डीव्हीडी रीजन २ ची, आपला प्लेअर रीजन ५ चा; एका रीजनची (जगातल्या ठरावीक भागाची) डीव्हीडी दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, त्यामुळे मागवायला धजत नाही.

पायरेटेड लिंक किंवा व्हीपीएन नको. पैसे भरायची तयारी आहे. इंग्रजी सबटायटल चालतील, निदान पहिल्या सीझनला तरी हवेतच.

भारतातून अधिकृतपणे बघायची सोय कुठे आहे? आणि डीव्हीडी घेतलीच, तर तिच्यात इंग्रजी सबटायटल असतात का?