आजीकडचा टार्टन (स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचा नमुना) चालतो की!
जावयाचं आडनाव कुठल्याच क्लॅनमध्ये (स्कॉटिश घराण्यात) बसत नाही, फक्त आजी मॅकेन्झी घराण्यातली, मग लग्नात किल्ट (पुरुषांचा घागऱ्यासारखा स्कॉटिश पोशाख) कुठल्या टार्टनचा असं विचारलंय ना, तर बिनधास्त मॅकेन्झी घालू द्या, आईकडचा आजीकडचा सर्रास घालतात स्कॉटलंडमध्ये. आणि 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणतात त्यातलं बरंचसं १८२२ नंतरचं आहे, ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट जमवला अन् मग प्रत्येक घराण्याला आपापला टार्टन हवासा झाला. त्याआधी स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नचे विल्सन विणकर तर कितीतरी डिझाइन्स नुसत्या नंबरावर विकायचे!! अगदीच संकोच वाटत असेल तर ब्लॅक वॉच नावाचा टार्टन घ्या, तो कुणालाही चालतो. बाल्मोरल टार्टन मात्र नको, तो राजघराण्यासाठी राखीव आहे.