हरभऱ्यात रात्री जनावरं येतात. एकच बाजू अडवता येईल, तर कोणती अडवावी?

कास्तकार_सेलू

नमस्कार मंडळी. आमचं वावर वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाकडच्या अंगाला. सोयाबीन निघाल्यावर 4 एकर हरभरा पेरला. पीक आता टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) खाली आहे. पाच दिवसांपासून रोज सकाळी नाल्याकडच्या तासांमध्ये शेंडे ओरबाडलेले दिसतात, अन् एका कोपऱ्यात जमीन नांगरल्यासारखी उलथलेली.

बाबा 62 वर्षांचे. दोन रात्री त्यांनी जागल केली, दोन रात्री मी. फटाके फोडले तर जनावर या धुऱ्यावरून (बांधावरून) त्या धुऱ्यावर जाते अन् आपण झोपलो की परत येते. आईच्या जुन्या साड्या धुऱ्यावर बांधल्या, बहुतेक लाल-केशरी. पहिल्या रात्री काही आलं नाही, तिसऱ्या रात्री साडीच्या बाजूलाच ताज्या लेंड्या.

गावात एकानं सांगितलं की विजेच्या लाइनीवरून तार ओढ, एका रात्रीत प्रश्न मिटते. बाबांनी साफ नाही म्हटलं. मलाही ते नको. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं यंत्र) घ्यायचा विचार आहे, पण चारही बाजूंनी तार-खुंट्या करायला यंदा पैसे नाहीत. एकच बाजू करायची झाली तर कोणती, अन् जागल कुठं बसून करावी? अनुभव असलेल्यांनी सांगा.

वऱ्हाडी_बंडीवाला

भाऊ, तुह्या बाबानं बराबर केलं. लाइनीचं तार लावू नको, कोणी किती सांगो. आमच्या शिवारात एकानं डुकरासाठी तार सोडलं होतं. माह्या जोडीतला डावा बैल पहाटे दावं तोडून गेला अन् त्या तारावर पडला. सात वर्षं वागवलेला बैल. मी गेलो तं त्याचा पाय तारेलेच होता, अन् तार अजून चालू होतं. माह्या पोरानं हात लावला असता तं? त्या दिवसापासून मी कोणाच्याबी वावरात अंधारात पाय टाकत नाही. माणूस मरते, वाघ मरते, अन् लावणारा जेलात जाते. झटका मशीन घे, नाही तं जागल कर.

नाल्याकाठचा_अशोक

दादा, मी कारंजा घाडगेकडचा. जरा सविस्तर लिहितो, कारण चार वर्षांपूर्वी माझंही असंच चाललं होतं.

मी नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात होतो. घरामागं एका म्हाताऱ्या कास्तकाराचं वावर होतं. दुधाची जनावरं, मका अन् सोयाबीन. हो, आपलंच सोयाबीन. त्यावर तिकडची पांढऱ्या शेपटीची हरणं तशीच तुटून पडायची, जशी आपल्याकडं चितळं. तिथं त्या हरणाची शिकार कायद्यानं करता येते, पण परवाना काढून अन् ठरलेल्या दिवसांतच. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, नोव्हेंबरात. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. मी तीन हंगाम त्या म्हाताऱ्यासोबत झाडावरच्या मचाणावर बसलो. बंदूक त्याची, मी फक्त सोबतीला. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, ते मला मान्य आहे. पण जनावर ओळखायला मी त्या म्हाताऱ्याकडूनच शिकलो. गोळी ही शेवटच्या मिनिटाची गोष्ट. त्याआधी तो वर्षभर वाटा पाहत फिरायचा.

शिकारी जे जे लपवतो, ते ते जागल करणाऱ्यानं दाखवायचं. तो वास लपवतो, आवाज लपवतो, हालचाल लपवतो. आपण हे सगळं जनावरापर्यंत पोचवायचं, अन् तेही ते ज्या वाटेनं येते त्या वाटेवर.

आधी येते कोण ते बघ. ओरबाडलेला शेंडा हातात घे. हरीण, रोही (नीलगाय), बकरी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते देठ चावून तोडत नाहीत, ओढून फाडतात. तुटलेली जागा चिंधीसारखी दिसते. ससा असेल तर सुरीनं तिरपा काप दिल्यासारखा देठ. जमीन उलथलेली तर डुक्कर. म्हणजे तुझ्याकडं निदान दोन वेगळी जनावरं येताहेत, अन् दोघांचा इलाज वेगळा आहे. ओल्या जागी खूर पाहा. डुकराच्या खुरामागं दोन छोट्या बोटांचे ठसे उमटतात. चितळाचा खूर बारका अन् टोकदार. रोह्याचा मोठा, गोऱ्ह्याच्या खुराची आठवण करून देणारा. रोह्याची आणखी एक खूण म्हणजे ते रोज येऊन एकाच जागी लेंड्या टाकते, तिथं ढीगच लागतो. तो ढीग सापडला की वाट सापडली समज.

वाट शोधायला भर दुपारी जा. संध्याकाळी गेलास तर तुझा वास ताजा राहते, जनावर त्या दिवशी वाट बदलते अन् तुला खोटं चित्र दिसते. म्हातारा यासाठी फार कडक होता. नाल्याचा काठ कुठं उतरता आहे, कुपाटीत कुठं भोक आहे, पांदण कुठं वळते, असल्याच जागांतून जनावर येते. ते लांबून दिसायला मोकळं फिरते, पण वावरात शिरायला त्याला सोपी जागाच पाहिजे. माझ्या 6 एकराला शिरायच्या जागा फक्त दोन निघाल्या. एक बाभळीखाली, जिथं काठ ढासळला होता. दुसरी पांदणीच्या वळणावर. मी आधी चारही बाजूंनी साड्या बांधल्या होत्या.

खात्री करायची असेल तर संशयाच्या जागी संध्याकाळी फांदी ओढून माती गुळगुळीत कर, चार हात रुंद. सकाळी त्यावर सगळं लिहिलेलं असते: कोण आलं, किती आले, येताना कुठून अन् जाताना कुठून. तीन सकाळी पाहा, मग तार घ्यायला जा.

आता वारा. तिकडचे शिकारी खिशात मिल्कवीड नावाच्या झाडाचा कापूस ठेवतात, आपल्या रुईच्या म्हातारीसारखा असते तो. चिमूटभर सोडायचा अन् कुठं जाते ते पाहत राहायचं. तुझ्याकडं तर वेचणी चालू असेल. एका बोंडाचा कापूस घे, सरकी काढ, दोन-चार तंतूच सोड. बोटावरची हवा एक सांगते अन् दहा पावलांवर तंतू भलतीकडं वळतो, हे मी दर वेळी पाहिलं आहे. विशेष करून दिवस बुडताना. उन्हाची गरमी उतरली की थंड हवा हळूहळू खालच्या अंगाला, नाल्याकडं वाहू लागते, अन् आपला वास तिच्यासोबत जाते. शिकाऱ्याला हे नको असते, म्हणून तो खालच्या बाजूला बसतो. तू वरच्या धुऱ्यावर शेकोटी कर. धूर अन् माणसाचा वास तो रात्रभर नाल्यात उतरेल, जिथं जनावर उभं राहून अंदाज घेते. बाबांना नाल्याकाठी बसवू नकोस. तिथं त्यांचा वास नाल्यातच राहते, वरून फिरून आलेल्या जनावराला तो लागतच नाही.

साड्यांचं सांगतो. खुराच्या जनावरांना लाल-केशरी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. विस्कॉन्सिनात शिकाऱ्याला कमरेवरचा निम्मा तरी पेहराव भडक केशरी किंवा गुलाबी घालणं कायद्यानं बंधनकारक आहे. एक माणूस दुसऱ्याला हरीण समजू नये म्हणून. अन् तरी हरीण पंचवीस पावलांवरून चरत जाते, हे मी स्वतः पाहिलं. निळा मात्र त्यांना चांगला दिसते. आईच्या साड्यांतल्या निळ्या अन् पांढऱ्या काढ, हलतील अशा सैल बांध, अन् दर तिसऱ्या दिवशी जागा बदल. रोज एकाच जागी एकच गोष्ट हलत असली की ती धोक्याची नाही हे जनावर शिकते. फटाक्याचंही तेच. धुऱ्यावर विषारी दाणेदार औषधाच्या पुड्या बांधायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, आपलीच ढोरं अन् पोरं त्या धुऱ्यानं जातात.

एकच बाजू म्हणशील तर तुला दिशा मी सांगू शकत नाही, माती सांगेल. पण तार लावशील तेव्हा दोन्ही टोकं पंधरा-वीस पावलं वावराकडं वळव, नाही तर जनावर टोकाला वळसा घालून येईल. तारेच्या बाहेर तीन-चार फुटांवर बाभळीच्या काट्यांची किंवा तुराट्यांची बुटकी ओळ कर. हरीण उंच उडी मारते, पांढऱ्या शेपटीचं तर आठ फुटांचं कुंपणही ओलांडू शकते, पण एकामागं एक दोन अडथळे असले की त्याला अंतराचा अंदाज येत नाही अन् ते बिचकते. त्याच्या अंगावरचे केस कोरडे असतात, तार नुसती अंगाला घासली तर झटका नीट लागत नाही. नाकाला लागला पाहिजे. तिकडं तारेला चंदेरी कागद लटकवून त्याला शेंगदाण्याचं लोणी फासतात. मी कूट तेलात कालवून फासलं. पहिल्याच रात्री एक चितळ नाक लावून गेलं असावं. सकाळी मातीत चारही पायांनी मागं उडी मारल्याचे ठसे होते, अन् परत जाताना खुरांमधलं अंतर माझ्या दोन पावलांएवढं.

मशीन कंपनीचीच घे, बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारी. ती झटका क्षणभर देते अन् थांबते, म्हणून जनावर सुटून जाते. अर्थिंगची सळई ओल राहील अशा जागी खोल ठोक, काळी माती भेगाळली की झटका अर्ध्यावर येते. तारेला गवत टेकू देऊ नकोस.

अन् मन खट्टू करू नकोस. हरभऱ्याचे शेंडे आपण महिनाभराच्या पिकात स्वतःही खुडतो, फांद्या फुटतात. घाटे धरल्यावर मात्र गेलेलं येत नाही. तेव्हा हे सगळं फुलांच्या आधी उरकून घे.

चिमूरची_ताई

अशोकदादांनी सगळं छान सांगितलं, पण एक गोष्ट मी ठासून सांगते, कारण आमचं वावर ताडोबाच्या बाजूला आहे. जिथं चितळ अन् डुक्कर येते तिथं त्यांच्या मागं वाघही येतो. शिकारी गप्प बसतो, जागल करणाऱ्यानं गप्प बसू नये. एकट्यानं जायचं नाही. मचाणापर्यंत बोलत, काठी आपटत जायचं. वाकून खूर पाहायचे ते ऊन चढल्यावर, एकानं पाहायचं अन् दुसऱ्यानं उभं राहून लक्ष ठेवायचं. तूर अन् पऱ्हाटी दाट असेल तर तिच्या कडेनं दिवस बुडाल्यावर फिरायचं नाही. आमच्या बायका वेचणीलाही चार-पाच जणी मिळूनच जातात.

नुकसानभरपाईचा अर्जही करून टाका. ज्या सकाळी नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा अन् वनरक्षकाला कळवा. उशीर झाला की पंचनाम्यात ताजं काही दिसत नाही. फोटोत सातबाऱ्यावरची जागा ओळखू येईल असं काही तरी घ्या, विहीर किंवा झाड. अन् तुमचं गाव डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत आहे का ते विचारा, त्यात सौर कुंपणाला अनुदान मिळते. आमच्या गावात काहींना मिळालं.

कास्तकार_सेलू

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे.

मी अन् चुलतभाऊ दुपारी फिरलो. रोह्याचा ढीग सापडला, नाल्याच्या अलीकडं मोहाच्या झाडाखाली, टोपलंभर लेंड्या, काही ताज्या. तिथून सरळ आमच्या धुऱ्यावर येणारी वाट होती, अन् मी ती इतकी वर्षं ढोरांची वाट समजत होतो. माती गुळगुळीत केली. तीन सकाळींपैकी तीनही वेळा रोही अन् चितळं तिथूनच आली. डुकरं मात्र पांदणीकडून.

140 पावलं तार लागली, तीन ओळी. बाबांनी काट्यांची ओळ स्वतः केली. शेकोटी वरच्या धुऱ्यावर नेली. कापसाचा तंतू सोडून बाबांना दाखवला, तो त्यांच्या खांद्यावरून निघून हळूहळू नाल्यात उतरला. बाबा दोनदा म्हणाले, परत सोड. चितळं-रोही सहा रात्रींपासून नाहीत. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले.

डुकरांचं काय करू? पांदणीकडं दोन ओळी लावल्या, पण ते खालच्या तारेखालून शिरलं.

नाल्याकाठचा_अशोक

खालची तार जमिनीपासून किती आहे ते मोज. डुकरासाठी ती आठ-दहा इंचांवर पाहिजे, नाकाच्या उंचीला. अन् पांदणीकडची जमीन वर-खाली असेल, तर तार सरळ जाते अन् खड्ड्यात फट राहते. तिथं एक जादा खुंटी ठोकून तार खाली आण, किंवा खड्डा भरून काढ. ते त्या फटीतूनच येत असेल. उद्या सकाळी माती पाहून सांग.

कास्तकार_सेलू

मोजली. एके ठिकाणी दीड फूट निघाली. आज दुपारीच खड्डा भरतो.