डॉकरमधल्या पीएचपी ॲपात व्हिडिओ प्रोसेसिंग कसं बसवू?

संत्राबाग_वरुड
आमच्या शेतकरी गटासाठी लाराव्हेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) ॲप बनवून राहिलो. संत्र्यावर डिंक्या किंवा कपाशीवर बोंडअळी दिसली की शेतकरी मिनिटभराचा व्हिडिओ टाकतो, कृषी सल्लागार पाहून उत्तर देतो. सगळं डॉकर कंपोजवर, म्हणजे ॲपचे भाग वेगवेगळ्या कंटेनरांत (बंद डब्यांत) चालतात. सर्व्हर २ कोर, ४ जीबीचा. कंपोझरने (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) व्हिडिओसाठी पीएचपी-एफएफएमपेग पॅकेज घेतलं, तर म्हणते एफएफप्रोब सापडत नाही. सर्व्हरवर तर एफएफएमपेग आहे! काहून असं? आणि मुळात मांडणी कशी करू?

कळंबकर
भाऊ, ते पॅकेज नुसतं आवरण आहे. काम एफएफएमपेग (व्हिडिओ बदलणारा) आणि एफएफप्रोब (व्हिडिओची माहिती वाचणारा) हे दोन प्रोग्रॅमच करतात, अन् ते कंटेनरच्या आत पाहिजेत. होस्टवरचं, म्हणजे सर्व्हरवरचं, आतल्याला दिसत नाही. चालू कंटेनरमध्ये शिरून टाकाल तर तो नव्याने उभा राहिला की गेलं. डॉकरफाइलमध्येच (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवायची कृती) लिहा: डेबियनवाल्या पीएचपी इमेजमध्ये ॲप्ट-गेटने, अल्पाइनमध्ये एपीकेने.

रात्रपाळी
कळंबकरांचं बरोबर, पण वेबच्या कंटेनरात नका टाकू. अपलोड झाला की फक्त जॉब रांगेत टाकायचा आणि पानाने लगेच "व्हिडिओ मिळाला" म्हणायचं. क्यू वर्करचा (रांगेतली कामं करणाऱ्याचा) कंटेनर वेगळा, एफएफएमपेग फक्त त्याच्या इमेजमध्ये. अपलोडचा व्हॉल्यूम (सामायिक फोल्डर) मात्र दोघांनाही सारख्याच पाथवर जोडा. वर्करला कंपोजमध्येच १ सीपीयूची मर्यादा घाला, नाहीतर एक व्हिडिओ चालू असला की सगळी साइट मुंगीच्या चालीने चालते.

लोक फसतात ते टाइमआउटवर. लाराव्हेलच्या वर्करचा टाइमआउट मुळात ६० सेकंद, रिट्राय-आफ्टर (इतक्या वेळाने काम पुन्हा करायला मोकळं होतं) ९०. टाइमआउट ६०० केला तर रिट्राय-आफ्टर त्याहून जास्त हवा. तो ९०च राहिला तर पहिलं काम चालू असतानाच दुसरा वर्कर तोच व्हिडिओ उचलतो. वर्कर १३७ कोड देऊन मेला (म्हणजे बळजबरीने बंद केला गेला) तर आधी मेमरी तपासा.

संत्राबाग_वरुड
आता वर्कर वेगळा केला. पण मोठी फाइल पोचतच नाही, ४१३ (फाइल फार मोठी) ही चूक येते.

कळंबकर
ती एनजिनएक्सची (पुढचा वेब सर्व्हर). त्याची बॉडी साइझ मुळात १ एमबी. ती वाढवली की पीएचपी आडवं येईल: अपलोडची मर्यादा २ एमबी, पोस्टची ८. तिन्ही वाढवा, पोस्टची अपलोडहून थोडी जास्त ठेवा.

धामणगावची_तूर
मर्यादा वाढवून अर्धंच काम होते बाप्पा. बांधावरून ६० एमबी चढवताना रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेतकरी दोनदा करेल, तिसऱ्यांदा फोन करून सांगेल. टस प्रोटोकॉल वापरा, तुटलं तिथून पुढे चालू होते. मी तर याला एफएफएमपेगच्याही आधी हात घातला असता.

संत्राबाग_वरुड
हे पटलं. आउटपुट काय ठेवू? काही फोनचे व्हिडिओ सल्लागाराच्या जुन्या लॅपटॉपवर उघडत नाहीत.

रात्रपाळी
ते एचईव्हीसी (नवा व्हिडिओ प्रकार) असतील. एच.२६४ (जुना, सगळीकडे चालणारा प्रकार), रंगांची मांडणी वाययूव्ही४२०पी, आवाज एएसी करा. सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) २३ हा डिफॉल्टच आहे, पण पानावरची अळी पाहायची तर ४८०पीवर नका उतरू, ७२०पी ठेवा. फास्टस्टार्ट लावाच; फाइलचा निर्देशांक सुरुवातीला येतो, म्हणून पूर्ण उतरायच्या आधीच व्हिडिओ चालू होतो. उभ्या व्हिडिओत रुंदीला उणे २ द्या, म्हणजे आकडा सम राहतो. विषम आला तर एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर) अडून बसते.

धामणगावची_तूर
मूळ फाइल सल्ला देऊन होईपर्यंत पुसू नका. झूम करून पाहायला तीच लागते.