प्रॉक्सी नेमकी कुठली घ्यायची? डोकं गरगरलंय

अर्धवट_कोडर:
मंडळी, एका साइटवरून पुस्तकांच्या किमती रोज गोळा करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिलीय, पहिली शंभरेक पानं झकास येतात, मग ४२९ एरर (फार रिक्वेस्ट येतायत) सुरू आणि तरी दामटलं की सरळ ४०३ (प्रवेश बंद). प्रॉक्सी (आपली रिक्वेस्ट स्वतःच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेट पत्त्यावरून, पुढे नेणारा मधला सर्व्हर) घे म्हणतात सगळे, पण कुठली ते कोणी धड सांगत नाही. एचटीटीपी, सॉक्स५, डेटासेंटर, रेसिडेन्शिअल, रोटेटिंग... फुकटातली चालेल का?

वायरगुंता:
तू दोन गोष्टींची खिचडी केलीयस. एचटीटीपी की सॉक्स५ हा झाला प्रोटोकॉल, आणि डेटासेंटर की रेसिडेन्शिअल म्हणजे आयपी कोणाच्या नेटवर्कचा. नुसती वेबपानं आणायचीत तर एचटीटीपी प्रॉक्सी पुरे, एचटीटीपीएस साइटलाही ती कनेक्ट मेथडने आरपार जोडून देते आणि आतला मजकूर तिला दिसत नाही. सॉक्स५ नुसतं वेबच नाही, कुठलंही टीसीपी कनेक्शन नेतो, पण स्वतः एन्क्रिप्शन काही करत नाही, हे लोक हमखास विसरतात.

आयपीत आधी डेटासेंटर बघ, फास्ट आणि स्वस्त, फक्त रेंज होस्टिंग कंपनीची आहे हे साइटला लगेच कळतं. तिथे अडलं तरच रेसिडेन्शिअल, म्हणजे घरगुती इंटरनेटचे आयपी, त्यात बहुतेकदा जीबीवर मीटर पळतो म्हणून इमेज वगैरे ओढू नकोस. मोबाइलवाल्या सगळ्यात महाग, एका आयपीमागे ढीगभर फोन असतात त्यामुळे ब्लॉक करायला साइट कचरते, पण तुझ्या कामाला ते म्हणजे माशी मारायला तोफ.

उगाच_एक:
फुकटाच्या नादी लागू नकोस रे बाबा. मी एकदा लिस्ट उचलली, निम्म्याहून जास्त मेलेल्या, एक चालली तर तिने साध्या एचटीटीपी पानात स्वतःची जाहिरात घुसवली आणि रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये माझा खरा आयपी जसाच्या तसा पुढे! लॉगिन तर तिच्यातून चुकूनही करू नको.

आणि सॉक्स घेतलीसच तर कर्लमध्ये (कमांड लाइनवरून पानं आणणारं टूल) सॉक्स५ लिहिलं की साइटचं नाव तुझ्याच मशीनवर रिझॉल्व्ह होतं, म्हणजे नावावरून आयपी शोधला जातो, सॉक्स५एच लिहिलं की ते काम प्रॉक्सीकडे जातं. एका अक्षराने माझी अख्खी संध्याकाळ खाल्लीय.

हळूबाई:
अरे पण ४२९ म्हणजे साइट सांगतेय जरा दमानं घे. किती वेळाने परत यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर बघितलास का? साइटच्या अटी आणि रोबोट्सची फाइल (स्क्रिप्टने कुठली पानं उचलू नयेत ते सांगणारी robots.txt) पण वाच आधी, मग प्रॉक्सीचं बघू.

अर्धवट_कोडर:
बघितला, ३० सेकंद लिहिलंय 🤦 स्लीप टाकून रात्रभर सोडली, सगळी पानं आली, प्रॉक्सीशिवाय. आता एकच, माझी स्वतःची साइट दुसऱ्या देशातून लॉगिन करून कशी दिसते ते तपासायचंय, त्याला रोटेटिंग घेऊ?

वायरगुंता:
नको, दर रिक्वेस्टला आयपी बदलला तर लॉगिनचं सेशन तुटू शकतं. त्या देशातली स्टिकी घे, तासाभरासाठी एकच आयपी देणारी. साइट तुझीच आहे तर डेटासेंटरवाली बास.